फरक निरंक

खचणाऱ्या जमिनीची उंची मी त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या पाण्याच्या टाकीवरून मोजली. एकदा चुकून नाही. सहा वर्षं, दरवर्षी, खाली सही करून.

हे गेल्या महिन्यापर्यंत मी कोणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, आणि भंडाऱ्यातल्या टपरीवरच्या मित्रांनाही नाही. त्या टपरीवर माझ्या बाकी सगळ्या फजित्या सांगून झाल्या आहेत — साहेबाचे बूट घालून साइटवर गेलो ती, मशीनच्या तिपाईसकट गटारात पडलो ती. लोक हसतात, चहा पाजतात, मी पुढची काढतो. ही मात्र कधी काढली नाही. कारण हिच्यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढं माझं, आणि उरलेलं — पण थांबा. आधी टाकी.

मी दिघोरीचा. धानाच्या बांध्यांत वाढलो. बांधी म्हणजे आमच्याकडे पाणी धरून ठेवणारा शेताचा तुकडा. पुढे मुंबईत एका खाजगी सर्वे कंपनीत लेव्हल मशीनवर लागलो. तिथे खाडी भरून वसवलेली एक कॉलनी होती. चार मजली इमारती, मधोमध टाकी. समुद्राकाठची मोठी शहरं अशीच वाढतात — खाडीत माती टाका, राडारोडा टाका, वरून रोलर फिरवा, फाटक बसवा आणि त्याला नगर म्हणा. खालचा चिखल मात्र कोणाचं ऐकत नाही. तो वर्षानुवर्षं दबत राहतो. कॉलनी दरसाल किती खचते ते मोजायचं काम आमच्या कंपनीकडे आलं, आणि कंपनीने ते माझ्याकडे दिलं.

काम सोपं आहे. इतकं सोपं की सांगताना माझीच मला चीड येते. न हलणाऱ्या खडकावर एक पक्की खूण असते. तिथून टप्प्याटप्प्याने मशीन लावत, उभ्या पट्टीवरचे आकडे घेत इमारतीपर्यंत यायचं. इमारतीची उंची गेल्या वर्षीपेक्षा कमी निघाली, तर ती तेवढी खाली गेली. झालं! पण तो खडक होता टेकडीवरच्या देवळापाशी. मध्ये हमरस्ता, नाला, मासळी बाजार. अख्खा दिवस उन्हात. पहिल्या वर्षी इमानाने चाललो. मग डोकं चालवलं — आणि माझं डोकं चाललं की काय होतं हे माझ्या घरच्यांना विचारा. टाकीच्या चौथऱ्यावर लाल रंगाने एक त्रिकोण काढला, त्याची उंची वहीत लिहिली, आणि पुढच्या वर्षापासून तोच माझा खडक. सकाळी अकराला सुरू, एकला खलास, आणि जेवण ताईकडे.

कारण त्या पहिल्या मोजणीनंतर माझी थोरली बहीण, सुमनताई, त्याच कॉलनीत राहायला आली. तळमजल्यावर. भाऊजींनी घर घेताना मला विचारलं होतं. मी छाती पुढे काढून सांगितलं, "बेधडक घ्या. मीच मोजतो ना!"

आता टाकी आणि इमारती एकाच भरावावर. दोन्ही मिळून खाली चालल्या होत्या, एकमेकींचा हात धरून चालाव्यात तशा. दोघींमधला फरक काय निघणार? अहवालात 'फरक' नावाचा एक रकाना होता. त्यात मी दरवर्षी एकच शब्द लिहिला — निरंक. काय रुबाबदार शब्द आहे! 'काही नाही' लिहिलं असतं तर कोणीतरी विचारलं तरी असतं.

ताईकडे मशीन नव्हतं. तिने पाणी पाहिलं. धान लावणारी बाई जमीन डोळ्यांनी जोखत नाही. पाणी कुठे सरकतं, कुठे थांबतं, यावरून ती बांधीचा चढउतार सांगते. तिने फाटकाजवळच्या नालीच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारली, अमावास्येच्या भरतीचं पाणी जिथवर चढलं तिथे. पुढच्या वर्षी पाणी रेघेच्या वर. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी वर. मग तिच्या मोरीतून पाणी उलटं आत यायला लागलं.

"गुलाब, पयले आपन रोडावरून पायरी चढून आत येत होतो," एकदा वाढता वाढता ती म्हणाली. "आता उतरून येऊन रायलो. काहून?"

"रोडावर दरसाल डांबर चढवतात ना, ताई. रोड वर चालला."

"अन् पानी?"

"समुद्र वर येऊन राहिला. साऱ्या दुनियेत येऊन राहिला."

"रोड वर चालला, समुद्र वर चालला," ती म्हणाली. "अन् आपनच तेवढे जागच्या जागी?"

मी वांग्याची भाजी आणखी मागितली.

इथवर नुसता मूर्खपणा होता. मूर्खपणा मी स्वतःला लगेच माफ करतो, हातचा सराव आहे. पुढचं ऐका.

चौथ्या वर्षी मशीन दुरुस्त होऊन आलं. ते बरोबर दाखवतं की नाही हे पक्क्या खुणेवरच कळतं, म्हणून टेकडीवर गेलो. तिथवर गेलोच होतो तर जुन्या रस्त्याने मोजत मोजत टाकीपर्यंत आलो. लाल त्रिकोण चार बोटं खाली होता. मी मशीनला शिव्या दिल्या. पुन्हा टेकडीवर गेलो, पुन्हा मोजत आलो. चार बोटं. मग त्याच चौथऱ्यावर मटकन बसलो. आधीच खाली चाललेल्या चौथऱ्यावर आपण आपलंही वजन टाकतोय, असा काहीतरी बावळट विचार आल्याचं आठवतं.

त्या दिवशी कंपनीत सांगितलं असतं तर? साहेब ओरडले असते. जुने अहवाल रद्द झाले असते. नोकरी — नाही, नोकरी गेली नसती. भीती नोकरीची नव्हतीच. त्याच दिवाळीत दिघोरीला माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला होता, मुंबई मोजणारा माणूस म्हणून! तो माणूस इतकी वर्षं टाकीला खडक समजत होता, हे कोणत्या तोंडाने सांगू? मी त्या दिवसाचे आकडे खोडरबराने पुसले. मोजणीच्या वहीत रबर चालत नाही. चुकलं तर आडवी रेघ मारून बाजूला लिहायचं, हे कामावर नव्याने येणाऱ्यांना मीच शिकवायचो. पुसून झाल्यावर फुंकर मारली, आणि रकान्यात लिहिलं — निरंक.

आणि अजून मी मुद्द्यावर आलेलो नाही. कळतंय मला. तुम्हीही वैतागला असाल.

पाचव्या वर्षी कॉलनीची सभा होती. टाकीजवळ खुर्च्या मांडल्या होत्या. मी मोजणीला आलो होतो, तर मलाही बसवून घेतलं. ताई उभी राहिली. त्या शहरात ती कधी माणसांपुढे बोलली नव्हती. पदर सारखा करत, आपल्याच बोलीत तिने सांगितलं की जमीन खाली चालली आहे, कोळशाच्या रेघा आहेत, येऊन पाहा. कोणी हसलं नाही. दोन-तीन जण माना डोलवत होते. मोरीतलं पाणी त्यांच्याही घरात येतच होतं. तेवढ्यात अध्यक्षांनी माझे अहवाल उंच धरले. "अहो बाई, तुमच्याच भावाने मोजलंय हे. इथेच बसलेत. विचारा त्यांना."

ताईने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी उठलो.

गप्प राहिलो असतो तरी भागलं असतं. पण मी पडलो गमत्या माणूस! म्हणालो, "ताईचं मनावर घेऊ नका. जन्म धानाच्या चिखलात गेला तिचा. तिला सिमेंटमध्येही बांधीच दिसते."

काय हसले लोक! टाळ्यासुद्धा पडल्या. ताई खाली बसली.

हेच ते. तिचं बरोबर आहे हे त्या सगळ्या खुर्च्यांत एकट्या मला माहीत होतं — आणि मी तिचंच हसं केलं. कोणी भाग पाडलं नव्हतं. वाक्य सुचलं, चांगलं जमलंय असं वाटलं, बोलून टाकलं. त्यानंतर कॉलनीत तिचं नाव 'बांधीवाली' पडलं. शेजारणी जिन्यात विचारायच्या, "काय बांधीवाली, आज किती बुडालो?" भाऊजी मवाळ माणूस, पण तेही एकदा माझ्यासमोर तिला म्हणाले, "तुह्या भावाले जास्त समजते का तुले?" तिने रेघा मारणं सोडून दिलं. मला पुढची दोन वर्षंही भाजी गरमच मिळाली. मी जेवलो.

मग घराघरांत पाणी थांबायला लागलं, तेव्हा बाहेरचे तज्ज्ञ आले. ते टेकडीवरच्या खडकापासून मोजत आले. फार हुशार होते असं नाही, नेमून दिलेलं काम करत होते. इमारती राहायला धोक्याच्या ठरल्या, माणसं पांगली, ताई-भाऊजी दिघोरीला परतले. मी तोवर निवृत्त होऊन भंडाऱ्यात घर केलं होतं. माझे अहवाल कोणी उघडलेच नाहीत. आणि कहर बघा — दिघोरीत आजही दोघांचं धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण लागलं की मलाच बोलावणं येतं. "मुंबई मोजली गुलाबभाऊनं, आपला धुरा काय चीज व्हय!" जीव नकोसा होतो. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागेल. मी जातो, टेप धरतो.

गेल्या महिन्यात ताई डोळे दाखवायला भंडाऱ्याला आली. दोन दिवस माझ्याकडे राहिली. दोन दिवसांत मला बोलायला वेळ मिळाला नाही — असं लिहू? मिळाला. भरपूर मिळाला. मी निवडली ती वेळ तिला गावाकडे जाणाऱ्या लाखांदूरच्या एसटीत बसवल्यावरची. ती खिडकीत, मी खाली फलाटावर. ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं. माझा बेत सरळ होता : भराभर सांगून टाकायचं, गाडी हलेल, उत्तर ऐकावं लागणार नाही. शेवटपर्यंत हुशारी!

सांगितलं. टाकीचं, रबराचं, आणि सभेच्या आधीच मला सगळं माहीत होतं तेही. इंजिनाच्या वर आवाज जावा म्हणून जवळजवळ ओरडून. आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, दार उघडलं आणि चहा प्यायला निघून गेला.

ताईच्या शेजारची म्हातारी खिडकीकडे वाकली. "कोन व्हय व बाई हा?"

"भाऊ व्हय माया," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सभेत उभा रायला, तेव्हा मालूम होतं तुले?"

"होतं."

"अन् तरी माया घरी जेवाले येत होता."

"येत होतो."

तिने खिडकीचा गज धरला आणि म्हणाली, आख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी,

"तुह्यापेक्षा ते बिल्डिंग बरी रे, गुलाब. हरसाली थोडी थोडी तरी खाली आली."