खळीचं पीठ

सरजाबाईच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्यामागच्या आदरांजली सभेला, मला बोलायला उभं केलं, आणि मी बोललो. चांगली वीस मिनिटं बोललो. तिच्या हातच्या कंदिलांचं कौतुक केलं, नव्या जिल्ह्याच्या साली निघालेल्या त्या मिरवणुकीचं वर्णन केलं, तिच्या कष्टांचं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. एका म्हातारीनं डोळे पुसले. जे सांगायचं होतं तेवढं सोडून मी सगळं सांगितलं. पन्नाशी उलटली माझी, लातूरच्या गंजगोलाई बाजारात दुकान आहे, लोक भीमाशंकर आप्पा म्हणून मान देतात. पण त्या दिवशी खाली बसलो तेव्हा स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटत होतं. म्हणून आता लिहितोय. लिहिताना तरी खोटं बोलता येऊ नये.

सरजाबाई मूळची लोह्याकडची. छप्पन साली तिच्या घरच्यांनी धम्म स्वीकारला तेव्हा ती तेरा वर्षांची होती. पुढं बाप मजुरीला नांदेडला आला. तिथं शेजारी एक म्हातारेबुवा मोहरमचे ताजिये बांधायचे. बांबू चिरायचा कसा, काडी ओल्या फडक्यात ठेवून वाकवायची कशी, पातळ कागद सुरकुती न पडता ताणायचा कसा, हे सगळं ही पोरगी त्यांच्या ओट्यावर बसून नुसतं पाहून शिकली. लग्न होऊन लातूरला आली. नवरा रामकिशन जिनिंगमध्ये होता. कापसाच्या धुळीनं त्याची छाती गेली आणि तो घरी बसला. मग ही दिवसा मिळेल ती मजुरी करायची आणि चौदा एप्रिल, बुद्ध पौर्णिमा जवळ आली की वस्तीचे कंदील करायची. तिचा कंदील वाऱ्यात हलायचा, पण फाटायचा नाही.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले, कमानी लागल्या. पावसानं मात्र त्या साली तोंड फिरवलं. बाहत्तरसारखा दुष्काळ नव्हता म्हणतात लोक. ज्यांच्या घरात कणगी होती त्यांनी म्हणावं! वस्तीत दिवसातून एकदाच चूल पेटत होती. सरजाबाईच्या भावाची बायको गेली, भाऊ कामाच्या शोधात कुठं निघून गेला, आणि त्याची सहा वर्षांची कोंडा हिच्या पदरात आली. स्वतःची पोरगी पंचशीला आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला. म्हणजे खाणारी तोंडं चार आणि कमावणारे हात दोन.

नव्या जिल्ह्याचं कौतुक म्हणून विद्यापीठाचा महोत्सव त्या साली लातूरला द्यायचं ठरलं. त्यात दिव्यांची मिरवणूक, आणि कंदील करायला सरजाबाईला रोजावर कॉलेजात बोलावलं. विद्यापीठात जितक्या तऱ्हेची पोरं, तितक्या तऱ्हेचे कंदील. उदगीरकडच्या कानडी बोलणाऱ्यांचा नंदी, देगलूरच्या तेलुगूवाल्यांची फुलांच्या उतरंडीची बतकम्मा, हिमायतनगरकडच्या बंजाऱ्यांचा आरशांनी मढवलेला उंट, वस्तीतल्या पोरांचं बोधिवृक्षाचं भलंमोठं पान. येमेनहून शिकायला आलेला एक जण होता, त्याला त्याच्या गावची उंच उंच मातीची घरं पाहिजे होती. त्यानं फोटो पुढं केला. सरजाबाईनं तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, "आगं बया, ही तर आपल्या गढीवानीच दिसून राहिली! करते की."

मी एकवीस वर्षांचा. सामानाच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. बांबू, कागद, सुतळी, मेणबत्त्या, आणि कागद चिकटवायच्या खळीसाठी गव्हाचं पीठ. पिठाचं पोतं माझ्या वडिलांनी, बसलिंगप्पांनी, देणगी दिलं होतं. सोंडे पडलेलं, दुकानात खपलं नसतं असलं. देणगीचा बोर्ड मात्र मोठा लागला.

सरजाबाई आईच्या वयाची. तरी मी तिला अगं-तुगं करायचो. ती मला अहो-जाहो करायची. गोलाईत तशीच रीत होती आणि ती रीत आहे हेसुद्धा कधी ध्यानात आलं नव्हतं. पण कामाला बसली की ती माझी मालकीण व्हायची. मी एकदा घाईनं काडी वाकवली ती कडकन मोडली. "आप्पा, काडी म्हंजे जावई हाय," ती म्हणाली, "कलाकलानं घ्यावं लागतं. दम द्याल तर मोडून बसंल." सगळी पोरं हसली. मीही हसलो.

चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पीठ भराभर खाली चाललंय. आणि एका संध्याकाळी मी पाहिलं, सरजाबाईच्या पदराच्या टोकाला गाठ होती, नारळाएवढी. ती झपाझप फाटकाबाहेर गेली. मी तिथंच विचारायला पाहिजे होतं. "सरजाबाई, पदरात काय गं?" एवढंच. ती सांगती, मी ऐकतो, विषय संपता. पण नाही. मी घरी जाऊन वडिलांना सांगितलं.

वडील हसले. "पिठाला पाय फुटले म्हणायचे. मोरचूद घाल त्यात."

आता हे सांगायला पाहिजे. मोरचूद म्हणजे ते निळे खडे, खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर टाकतात. उकळताना टाकतात, सगळेच टाकतात. पण आमच्या दुकानात ते वाटून कोरड्या पिठातच मिसळायची पद्धत होती. डब्यांवर कागद चिकटवायला हमालांना पीठ द्यायचं, तर त्यांनी ते घरी नेऊन खाऊ नये म्हणून. आमच्या घरात हे बोलताना कुणाची जीभ अडखळायची नाही. उलट शहाणपण म्हणून सांगायचे. "एक घास कडू लागला की दुसऱ्यांदा हात लावत नाहीत," वडील म्हणाले, "मरत नाही कुणी."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी यायच्या आत मी खोली उघडली. वजनाच्या मापानं खडे बारीक केले. कोपरापर्यंत हात घालून पिठात मिसळले. पीठ पांढरंच दिसत होतं. मग हात तीनदा धुतले. म्हणजे मी काय करतोय ते मला माहीत होतं. अजाणतेपणी झालं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

त्यानंतरच्या दिवशी सरजाबाई आलीच नाही. मिरवणूक तीन दिवसांवर. नंदीला शिंगं नाहीत, येमेनची घरं नुसता सांगाडा. महोत्सवाचं काम बघणारे सर माझ्यावर ओरडले. दुपारी पंचशीला धावत आली, म्हणाली, "कोंडा दवाखान्यात हाय. कालपासून उलट्या. आई तिथंच बसलीय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं झालं. सायकल काढली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. कोंडा खाटेवर, हाताला सलाईन, ओठ सुकलेले. डोळे उघडे होते. नर्स म्हणाली, धोका टळला, खाल्लेलं सगळं बाहेर पडलं म्हणून वाचली.

सरजाबाई मला पाहून उठली. पदर सावरला आणि मला व्हरांड्यात घेऊन आली. मला वाटलं, आता ही माझी गचांडी धरणार. धरायलाच पाहिजे होती! पण ती वाकली आणि माझ्या पायांना हात लावला.

"आप्पा, चुकी झाली. मी पीठ नेत होते. पण कामात खोट न्हाई केली हो. खळ मी चिंचोक्याची करायची. चिंचोके मीच येचून आणलेले. ती गव्हापरीस घट्ट धरती. मग पीठ उरायचं, ते लेकरासाठी न्यायची."

मी तिला उठवलं.

"आन् काल माझ्या हाताला मोरचूद राहिलं असंल. खळीत टाकते न्हवं का मी. हात धुतला का न्हाई, ध्यान न्हाई. घरी गेले, पोर भुकेनं रडून राहिली होती, तशाच हातानं कणीक मळली. पयली पोळी तिला दिली. चिमणीच्या उजेडात रंग न्हाई कळला." तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. "ह्या हातानं लेकराला इख चारलं आप्पा मी. कुणाला सांगू नका. घरात बी मी, पोरीनं शिळं खाल्लं, म्हणून सांगितलंय."

अहो, एक वाक्य होतं. 'सरजाबाई, ते तू नाही, मी केलं.' एवढंच. तोंडापर्यंत आलं. मग वडील दिसले, सर दिसले, पोलीस दिसले, देणगीचा तो बोर्ड दिसला. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे?

म्हणालो, "असू दे, असू दे. मी कुणाला सांगत नाही."

म्हणजे मी तिला माफ केलं. मी! तिनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "तुमचे लई उपकार झाले."

त्याच संध्याकाळी उरलेलं पीठ मी कॉलेजच्या मागच्या कोरड्या विहिरीत ओतलं. सरांना सांगितलं, सोंडे फार झाले होते. सर म्हणाले, बरं केलंस. करून सवरून नामानिराळा कसा राहायचा हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरजाबाई कामावर हजर. माझ्या उपकाराची फेड म्हणून दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं तिनं. मधूनच उठायची, नळाजवळ जाऊन राखेनं हात घासायची. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. हाताची सालटं निघाली. पोरं चेष्टा करायला लागली, "सरजाबाई, लग्नाला जायचंय का?" ती कसंनुसं हसायची. मी कागदांचे गठ्ठे मोजत बसलो होतो. मोजलेलेच पुन्हा मोजत होतो.

मिरवणूक झाली. गोलाईला फेरा घालून निघाली तेव्हा अख्खं लातूर रस्त्यावर होतं. नंदी मान हलवत होता, उंटाचे आरसे चमकत होते आणि तो येमेनी पोरगा आपल्या घरांकडं पाहून हमसून हमसून रडत होता. सगळे म्हणाले, असं काही पाहिलं नाही. चोख व्यवस्थेसाठी मला प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी ट्रंकेच्या तळाशी घातलं. फाडायचंही धाडस झालं नाही.

पुढं आयुष्य चालायचं ते चाललं. पंचशीला शिक्षिका होऊन नांदेडला गेली. कोंडा शिकली, लग्न होऊन हिमायतनगरला गेली, तिथं अंगणवाडीत लागली. सरजाबाई कंदील करत राहिली. दिवाळीला मी तिच्या घरी साखर पाठवायचो, रामकिशनला दवाखान्यात न्यायला गाडी पाठवायचो. लोकांना वाटायचं, आप्पाचं मन मोठं. रस्त्यात भेटली की ती सोबतच्या बाईला सांगायची, "ह्यांनी माझी लाज राखली बरं का एकदा." दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज सांगू, उद्या सांगू करत तेहतीस वर्षं मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. वडील गेले तेव्हा वाटलं, आता भीड कुणाची? पण तोवर माझी स्वतःचीच भीड मोठी झाली होती. बाजारात नाव होतं ना!

आणि ती गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता.

तर पुण्यानुमोदनाला भाषण ठोकून मी मांडवाच्या कडेला बसलो होतो. कोंडा चहा घेऊन आली. आता चाळिशीला आलेली बाई. कप माझ्या हातात दिला, पण गेली नाही. शेजारच्या खुर्चीवर बसली.

"काका, लई चांगलं बोललात आत्याबद्दल. मला तसं बोलता आलं नसतं."

"का गं?"

"खोटं कशाला बोलू? तिनं मला सांभाळलं, शिकवलं. पण माझ्यावर तिची माया न्हवती. भावाची पोर ना मी. मला कधी हातानं भरवलं न्हाई तिनं. कणीक मळायची न्हाई. पंचशीलाताई मळायची, न्हाई तर रामकिशनमामा. एकदा तापात म्या हट्ट केला, तूच भरव म्हणून. घास उचलला, हात थरथर कापाया लागला, आन् ताट खाली ठेवून उठून गेली. त्या दिवशी कळलं मला, हिला माझी किळस येती."

ती हे अगदी शांतपणे सांगत होती. फार वर्षांपूर्वी रडून झालेलं असावं.

मी कप खाली ठेवला. आणि मग सांगितलं. पदरातली गाठ, मोरचूद, दवाखान्याचा व्हरांडा, राखेनं घासलेले हात. मी माफ केलं तेसुद्धा सांगितलं. काही लपवलं नाही. सांगताना तिच्या तोंडाकडं बघायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्या पायांकडं बघत होतो. मला वाटलं, ओरडेल. लोक गोळा होतील. होऊ देत म्हटलं.

ती ओरडली नाही. पाय तेवढे खुर्चीखाली ओढून घेतले. मग विचारलं, "म्हंजे आत्या माझा दुस्वास करत न्हवती?"

"नाही गं बाई. जिवापाड होतीस तू तिला."

तिनं मान हलवली. दोनदा, तीनदा.

"मागच्या महिन्यात तिनं दोन बार बोलावणं धाडलं होतं, काका," ती म्हणाली. "मी आले न्हाई."