भित्री कुसुम आणि नूरीन

पलूसच्या वाचनालयात एक भयकादंबरी होती, कॉलेजच्या वयाच्या मुलांसाठी लिहिलेली. नूरीननं अकरावीत ती तीनदा घरी नेली. गोष्ट वसतिगृहात राहणाऱ्या कुसुमची. तिच्या खोलीतल्या कपाटात कुणीतरी आतून टकटक करायचं आणि ते फक्त तिलाच ऐकू यायचं. बाकीच्या मुली म्हणायच्या, तुला भास होतोय. कुसुम काही शूर नव्हती. भीतीनं तिच्या तळहातांना घाम सुटायचा, आणि राग आला की शब्दांच्या आधी रडू यायचं. नूरीनचंही अगदी तसंच व्हायचं.

नूरीनचे वडील फारूक यांचं पलूसच्या बाजारात गाद्या-उशांचं दुकान. घरातून सांगलीला शिकायला जाणारी ती पहिलीच. रोज एसटीनं तिथल्या विश्रामबाग भागात क्लासला जायची.

बारावीच्या सुरुवातीला तिथले केमिस्ट्रीचे सर तिला मेसेज करू लागले. आधी अभ्यासाचे. मग, आज हिरवा ड्रेस छान दिसत होता, असे. पुढं पुढं शंका विचारायला एकटीच थांब म्हणू लागले. नूरीननं शेजारी बसणाऱ्या दीपमालाला सांगितलं. ती वहीतून मान वर न करता म्हणाली, "तुला उगीच तसं वाटतंय. सर सगळ्यांशीच चांगले वागतात."

त्या आठवड्यात नूरीन दोन दिवस पोट दुखतंय म्हणून घरी राहिली. तिसऱ्या दिवशी तिची आई, अख्तरबी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोट दुखतंय का कशाला भ्यालीयास?"

नूरीनला सांगता येईना. ती कुसुमची गोष्ट सांगू लागली.

"मग उघडलं का तिनं कपाट?" आईनं विचारलं.

"एकटीनं न्हाई. वसतिगृहाच्या बाईंचा हात धरून त्यांना खोलीत घेऊन गेली."

एवढं बोलून नूरीननं फोन आईपुढं धरला. अख्तरबीला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "तूच वाच."

नूरीननं एकेक मेसेज मोठ्यानं वाचला. अख्तरबीनं सूप बाजूला सारलं आणि शेवटचा मेसेज होईपर्यंत लेकीचा हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघी विश्रामबागला गेल्या. क्लासचे मालक म्हणाले, "गैरसमज झालाय ताई. वाढवू नका, मुलीचंच नाव खराब होईल."

"नाव आमचं हाय, आमी बघू," अख्तरबी म्हणाली. "तुमी त्यास्नी बोलवा."

सर आले, हसले. म्हणाले, "मी तर हिला लेकीसारखी मानतो." नूरीनला रडू आलं, बोलता येईना. तेवढ्यात दारात दीपमाला येऊन उभी राहिली. फोन पुढं करत म्हणाली, "मला पण आलेत. मागच्या वर्षापासनं."

सरांनी त्याच आठवड्यात क्लास सोडला. पण पोलिसांत कुणीच गेलं नाही. दीपमालाच्या घरचे नको म्हणाले, फारूकही नको म्हणाले. वर त्यांनी नूरीनचं सांगलीला जाणंच बंद केलं.

"अब्बा, चूक माझी न्हाई, मग मी का घरात बसायचं?"

"तुजी चूक न्हाई, मला म्हाईत हाय," फारूक म्हणाले. "पर मला लय भ्या वाटतं गं."

नूरीननं बारावी घरी बसून दिली. मार्क कमी पडले, फार्मसी हुकली. पुढं ती जवळच्या कॉलेजात बी.ए. झाली. अब्बांवरचा राग तिनं बोलून दाखवला नाही, पण तो गेलाही नाही.

गेल्या वर्षी मावसबहीण अर्फाच्या साखरपुड्याला ती लोणंदला गेली होती. स्टँडजवळ एका क्लासच्या फ्लेक्सवर तिला तेच सर दिसले. खाली ओळीनं मुलींचे फोटो. नूरीननं ते एकेक करून बघितले. मग ती आत गेली. टेबलामागच्या बाईंना तिनं घडलेलं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "आमच्याकडं तसलं काही नाही."

बाहेर पायरीवर दोन मुली डबा खात होत्या. नूरीन त्यांच्याशेजारी बसली. आपल्या बाबतीत काय झालं ते सांगितलं, आपला नंबर दिला आणि साखरपुड्याला उशिरा पोचली.

चार दिवसांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडं नुसता श्वास ऐकू येत होता.

"सावकाश सांग," नूरीन म्हणाली. "मी फोन ठेवत नाही."