विहिणीच्या हवाली केलेला खार

लियाओ सूछिन ग्वांगझौला दोन महिन्यांसाठी आल्या, त्याला आता चार वर्षं होत आली. नात झाली तेव्हा लेकीनं "तात्पुरती ये" म्हटलं होतं, आणि त्या घरात तात्पुरत्या गोष्टीच तेवढ्या टिकत. सूछिनबाईंची बॅग कपाटावर अजून अर्धी भरलेली होती. त्या स्वतःला पाहुण्या म्हणवत. पाहुणचार म्हणून स्वयंपाक, धुणं आणि नात एवढंच त्यांच्याकडे होतं.

सिचुआनहून कपड्यांपेक्षा जपून त्यांनी एक वस्तू आणली होती: आईच्या हातच्या लोणच्याचा खार. मुळा, मिरच्या, आलं बरणीत घालायचं, मुरलं की खायचं, पुन्हा घालायचं. खार मात्र तोच, चाळीस वर्षांचा. बरणीच्या काठाच्या खोबणीत पाणी भरून त्यात झाकण उपडं बसवायचं, म्हणजे आत हवा जात नाही. पाणी आटलं किंवा तेलाचा हात लागला, की खार मेला. आई गेली तेव्हा सूछिनबाई रडल्या होत्या, पण खार होता म्हणून सावरल्या होत्या.

विहीण वानयीबाई पलीकडच्याच इमारतीत राहत. रोज दुपारी तीन तास उकळलेल्या सूपचा डबा घेऊन येत आणि वाढण्याआधी त्याचे गुण ऐकवत. सूछिनबाईंना ते हाडं विसळलेल्या पाण्यासारखं लागे. वानयीबाईंच्या मते मात्र सगळ्या दुखण्यांचं मूळ त्या बरणीत होतं. नातीला पुरळ आलं, उष्णता. जावयाचे केस गळाले, उष्णता. लिफ्ट बंद पडली तेव्हाही त्यांनी गॅलरीतल्या बरणीकडे एकदा बघून घेतलं.

यंदा सूछिनबाईंच्या भावाची सत्तरी आली. दहा दिवस जायचं तर बरणीकडे बघणार कोण? लेक-जावयाच्या हातून निवडुंगसुद्धा सुकला होता. अडला हरी म्हणतात तसं विहिणीचे पाय धरावे लागले.

"विहीणबाई, दर दोन दिवसांनी काठात पाणी घाला. झाकण तेवढं उघडू नका."

"मी कशाला उघडतेय? मला नाक आहे म्हटलं."

गावी मेजवान्या झाल्या, पण सूछिनबाईंचा जीव गॅलरीत. भावजयीनं वाटीभर खार मागितला, तर पुढच्या वेळी आणते म्हणाल्या. गेली वीस वर्षं त्या हेच सांगत होत्या. रोज लेकीला फोन, आणि बरणी ठीक आहे असं लेकीचं उत्तर. लेक कुठल्या बरणीकडे बघून सांगत होती, देव जाणे.

परतल्यावर त्या बुटांसकट गॅलरीत गेल्या. खोबणीत काळं पाणी होतं. बोट बुडवून चाखलं, तर कडूजहर काढा. घसा बसला की वानयीबाई जो सगळ्यांना पाजायच्या, तोच. सूछिनबाईंनी घाईनं झाकण काढलं. खार नितळ होता, मुळा कुरकुरीत. पण जुन्या मुरलेल्या मिरच्या गायब, त्यांच्या जागी कोवळ्या, आणि दारूचा पुसट वास.

तेवढ्यात सूप घेऊन वानयीबाई आल्या. हनुवटीवर सोयाबीनएवढी पुळी आणि आवाज पार बसलेला.

"काठात काढा कुणी ओतला?"

"मीच. आतली उष्णता घरभर पसरायला नको."

"आणि मिरच्या?"

वानयीबाईंनी डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. एक दिवस सूप जरा सपक झालं होतं, म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशीही झालं. असं सारखं झाकण उघडल्यानं चौथ्या दिवशी खारावर पांढरी साय धरली. तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी साय काढून त्यांनी नवऱ्याची कडक दारू चमचाभर घातली, नव्या मिरच्या धुऊन, पुसून, कोरड्या वाळवून टाकल्या, वर मीठ.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"चार वर्षं नावं ठेवतेय तुमच्या बरणीला. नावं ठेवायची तर नीट बघावं लागतं."

सूछिनबाई आत गेल्या. त्यांनी एक काचेची बरणी पुसून कोरडी केली आणि सख्ख्या भावजयीला वीस वर्षं न दिलेला खार तिच्यात काठोकाठ ओतला.

"ही तुमच्या घरी न्या," त्या म्हणाल्या. "आणि काढा तुम्ही प्या, तिला पाजू नका."