आप्पांच्या कागदाची मागची बाजू

आप्पांचा उजवा हात मिलच्या ट्रॉलीने मोडला. त्यांची केस मोडायला मात्र मी एकटी पुरेशी होते.

आप्पा म्हणजे माझे वडील. पलसाण्याच्या एका रंगाईच्या मिलमध्ये वीस वर्षं राबले. ओल्या कापडाने भरलेली ट्रॉली उतारावरून सुटली आणि त्यांच्या मनगटावर आली. ब्रेक? होता की! सुतळीने बांधलेला! तिसऱ्या दिवशी मिलचा माणूस डिंडोलीला आमच्या घरी पेढे घेऊन हजर. सोबत एक कागद: 'मी घरच्या जिन्यावरून पडलो.' (आम्ही तळमजल्यावर राहतो. जिना काय भाड्याने आणायचा?)

"सोमवारी येतो. डाव्या हाताचा अंगठा चालेल," असं सांगून तो गेला.

मी संतापले. संताप हा माझा व्यवसायच आहे म्हणा ना! मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते. 'जागे व्हा! फसू नका! कागद जपा!' हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा.

"वकील करायचा," मी जाहीर केलं, "पण परीक्षा घेऊन! दहापैकी गुण देऊन!"

"लग्न ठरवताना एवढं बघितलं असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली. आप्पांनी प्लॅस्टरकडे बघितलं.

आता, आम्हा पत्रकवाल्यांची एक खोड आहे. कोरा कागद विकत घ्यायची आम्हाला लाज वाटते. पाठकोरा दिसला की हात शिवशिवतो. फ्रिजवरच्या पिशवीतून असाच एक ओढला, मागच्या बाजूवर रकाने आखले आणि आम्ही निघालो. एका रिक्षात आप्पा, आई, मी आणि आप्पांचे धाकटे भाऊ बापूकाका.

बापूकाकांची पद्धत सोपी. ज्याची पाटी मोठी, तो वकील मोठा! त्या हिशोबाने आम्ही काचेच्या एका ऑफिसात शिरलो. एसी असा, की आईने पदर कानाभोवती गुंडाळला.

"बेसो, बेसो," वकीलसाहेब गुजरातीत म्हणाले.

"तुमचं गाव कोणतं?" बापूकाकांनी सुरुवात केली. (आमच्यात माणूस गावाशिवाय सुरूच होत नाही.)

"साहेब, गरिबांच्या किती केसेस लढलात?" मी पेन सरसावलं. "आणि जिंकल्यावर कामगाराला ओळख देता का?"

त्यांनी फक्त मिलचं नाव विचारलं. आप्पांनी सांगितलं.

"अरे! ए तो अमारी पार्टी छे! हूं तो मिलनो वकील!"

आम्ही चपला शोधत बाहेर. दारातच मी त्यांच्या देखत लिहिलं: 'केबिन थंड, माणूस त्याहून थंड. दहापैकी दोन.'

दुसऱ्याने "जीत पक्की" हे सात वेळा सांगितलं, सातही वेळा फोन कानाला लावून. त्याच्या टेबलावर देवीचा मोठा फोटो होता, म्हणून आईला तो पसंत. मी तीन गुण दिले. तेही देवीचे!

रविवारची संध्याकाळ झाली. सोमवार उंबऱ्यावर. शेवटी बापूकाकांनी डिंडोलीतल्याच एका पिठाच्या गिरणीच्या वरची पाटी दाखवली. पाटी वहीएवढी. वकीलबाई नंदुरबारकडच्या, आमच्याच बोलीच्या. समोर स्टुलावर चहा, केसांवर थोडं पीठ.

माझा पहिला प्रश्न ओठांवर होता. बाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"काय व्हयनं, आप्पा?"

आठवडाभर 'हं' आणि 'हूं'वर असलेले आप्पा बोलायला लागले. अहिराणीत, न थांबता. ट्रॉली, सुतळी, पेढे, जिना! या हाताने पुन्हा काम होईल का, हेही त्यांनी विचारलं. हे त्यांनी आम्हाला कधीच विचारलं नव्हतं. मी पेन खाली ठेवलं.

"दवाखान्याचा पहिला कागद कुठे आहे?" बाईंनी विचारलं. "त्यावर मिलचं नाव असेल, तर जिना गेला खड्ड्यात."

आईने सोबत आणलेली फ्रिजवरची पिशवी उलटी केली. रेशनकार्ड निघालं, लाइटबिलं निघाली, माझी जुनी पत्रकं निघाली. तो एकच कागद नाही!

"हिच्या हातात काय आहे?"

"ती परीक्षा आहे," मी ताठ मानेने म्हणाले.

बाईंनी कागद घेतला, उलटा केला. दवाखान्याचा शिक्का! 'मिलमध्ये ट्रॉलीखाली हात सापडला.'

"माय वं!" आई ओरडली. "कागद जपा म्हणे!"

"खोडून टाकते!" मी पेनावर झडप घातली.

"हात लावू नको! खाडाखोड दिसली, की पुढची बाजूही तूच लिहिलीस म्हणतील. मूळ कागद जाईल कोर्टात. दोन्ही बाजूंसकट." मग आप्पांकडे वळून म्हणाल्या, "केस घेते. एका अटीवर. पोरीच्या हातात पेन दिसायला नको."

सोमवारी मिलच्या माणसाला आप्पांचा अंगठा मिळाला नाही. चहा मिळाला.

मग तारखा पडल्या, आणि एका तारखेला समोर कोण उभं? दहापैकी दोन! मिलचं म्हणणं, हा कागद मागाहून बनवून घेतलाय. न्यायाधीशांनी कागद उलटला.

"आ पाछळ शुं लख्यूं छे?"

मजकूर मराठी, म्हणून भाषांतराला मीच उभी राहिले. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत बघत!

"केबिन ठंडी, माणस एनाथी य ठंडो. दसमांथी बे."

कोर्ट हसलं. मिलचे वकील लाल झाले. मग मान खाली घालून म्हणाले, "साहेब, एक वात मारे मानवी पडे. आ कागळ ए ज अठवाडिये मारी ऑफिसमां हतो. मारी सामे ज लख्यूं छे."

म्हणजे कागद त्याच आठवड्यात त्यांच्या ऑफिसात होता, त्यांच्यासमोरच मी त्यावर लिहिलं होतं. कागद खरा! आप्पांचा दावा मान्य झाला. खरं सांगायचं तर मी त्या माणसाचे गुण मनातल्या मनात आठ केले.

घरी आल्यावर मी ऐटीत होते. मूळ कागद कोर्टात राहिला, पण त्याच्या मागच्या बाजूची झेरॉक्स मी फ्रिजवर चिकटवली. दुसऱ्या दिवशी बघते तर खाली एक नवी ओळ. अक्षर वाकडंतिकडं, पण आप्पांचंच. बऱ्या झालेल्या उजव्या हाताने लिहिलेलं पहिलं वाक्य:

'मुलगी. आवाज मोठा. कागद सांभाळत नाही. चहा बरा करते. दहापैकी चार.'

हा उघड अन्याय आहे! निषेधाचं पत्रक मी लिहायला घेतलंय. आई मात्र आधी कागदाची दुसरी बाजू दाखव म्हणते.