'बाहेर पडा'चं बटण

बटण दिसलं की माणूस ते दाबतो, असा माझा समज होता. चौसाळ्यातल्या बायकांच्या गटासाठी वेबसाइट करायला घेतली आणि तो समज गेला. गट चटण्या, शेवया, कुरडया करून वेबसाइटवरून थेट विकायचा. सगळ्यांत मिळून फोन एकच. जिने जे केलं ते तिने स्वतःच्या खात्यात टाकायचं, खातं बंद करायचं आणि फोन पुढचीला द्यायचा.

पण खातं कुणी बंदच करीना. मग एकीच्या शेवया दुसरीच्या नावावर चढायच्या आणि भांडण जुंपायचं. एकदा अध्यक्षीणबाईंनी मला स्पष्टच सांगितलं, "ताई, अजून एक डाव असा घोटाळा झाला तर आमी पयल्यासारका माल व्यापाऱ्याला देऊ. असल्यानं गट फुटंल."

माझं डोकं लवकर तापतं. खातं बंद करायला 'लॉगआउट' नको म्हणून मी मोठ्या हौसेनं 'बाहेर पडा' असं अस्सल मराठी बटण केलं होतं. दिसत नसेल म्हणून ते मोठं केलं. मग वर नेलं. मग लाल केलं. दर खेपेला बीडहून एसटीनं जायचं, भिंतीला टेकून बसायचं, त्या फोन कसा वापरतात ते बघायचं, काय अडलं ते विचारायचं. सगळ्या म्हणायच्या, "लई झ्याक हाय." आणि त्या बटणाला बोट कुणी लावायचं नाही. लाल केल्यावर तर त्या फोन पालथाच घालायला लागल्या.

शेवटी कारळाची चटणी करणाऱ्या मावशींना मी चिडूनच म्हटलं, "मावशी, दाबा की! कावून दाबत न्हाई?"

मावशींनी फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"सासूनं मला हेच म्हनलं व्हतं. लेकरू कडंवर व्हतं तवा. आता माज्याच बोटानं ते कावून दाबू?"

बाकीच्या बायका खाली बघत होत्या. 'असं काय बोलता' असं कुणीच म्हणालं नाही.

थोड्या वेळानं मावशी उठल्या, पायात चपला सरकवल्या आणि रोजच्यासारखं म्हणाल्या, "येते बरं का." आतून दोघीतिघी म्हणाल्या, "या."

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे मी बोलायला लागले तेव्हापासून पाळते. पण तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. निघालेल्या बाईच्याच तोंडून तिची परतीची वाट मोकळी ठेवणारी ही बोली कुणी घडवली असेल? मी थक्क होऊन बसून राहिले. मी इकडे रंग बदलत बसले होते आणि माझ्या देखत दर खेपेला दारात हे चाललं होतं.

तिथंच बसून मी बटणावर 'येते' लिहिलं. ते दाबलं की पडद्यावर 'या' उमटेल, असं केलं. लाल रंग काढून टाकला.

पुढच्या खेपेला गेले तर जिचा माल तिच्याच नावावर होता. अध्यक्षीणबाईंनी व्यापाऱ्याचा विषयसुद्धा काढला नाही. मावशींची पाळी आली. त्यांनी चटणी नोंदवली, 'येते' दाबलं, 'या' आलं. मग फोन पुढं देण्याऐवजी त्या परत खात्यात गेल्या आणि पुन्हा 'येते' दाबलं.

शेजारची वैतागली. "अवो, द्या की इकडं आता."

"थांब की गं," मावशी पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "मला 'या' म्हनायलंय."