पहिला मोहोर
माघात आंब्याच्या मोहोराचा वास आला की मला युद्धाच्या दिवसांतलं वैशाखरे गावातलं आमचं शेत आठवतं. माझा भाऊ जन्मताच गेला, तेव्हा त्याला बांधावर पुरून आईनं तिथंच आंबा लावला होता. त्या माघात तो पहिल्यांदा मोहोरला. मास्तर वर्गात दाखवायला एक तुरा मागू लागले. "नाय तोडायचा," आई म्हणाली. मास्तर समजावू लागले, "मोहोर शब्द मुकुलवरून आला. मुकुल म्हणजे मिटलेली कळी." आईनं हळूच विचारलं, "त्यानं डोळं नाय उघडलं, तशी?" मग आईनंच फांदी वाकवून तुरा खुडला. "न्या. साळंत जाऊ दे त्याला." वर्गात मास्तरांनी तो माझ्याजवळ बसकरावर ठेवला, तेव्हा मी सरकून जागा करून दिली.