पूर्णिमानं निवडलेलं गणित

…तर दूधवाल्या कलावतीबाईनं पावशेराचं माप मास्तरांच्या ओट्यावर आपटलं आणि म्हणाली, "मोजा मास्तर, तुमच्या घरवालीच्या डोळ्यांदेखत मोजा!" काल इथवर आलो होतो आणि तुम्हाला घरून बोलावणं आलं.

मास्तरीणबाईंचं म्हणणं असं, की सकाळी अर्धा शेर आणि संध्याकाळी पाऊण शेर दूध घेते, पण दिवसाचं मिळून भांड्यात शेरभरच दिसते. कलावतीनं आधी दोन मापं ओतली, मग तीन. पाचवं माप ओतलं तसं दूध शेराच्या खुणेवरून चढलं आणि भांड्याबाहेर आलं. "पाच पाव म्हणजे सव्वाशेर! पोट्ट्यायले गणित शिकवता मास्तर, घरी काहून नाही शिकवत?" आम्ही पोरं ओट्याखाली लोळून लोळून हसलो. रामकृष्ण मास्तरही हसले, मोठा माणूस.

तुमसरच्या बाजूला आमचं गाव. सातवीपर्यंत शाळा तिथेच. पावकी, निमकी, औटकी, सगळी अपूर्णांकांच्या पाढ्यांची माळ मला आजही तोंडपाठ आहे. त्या जोरावर रेल्वेच्या वॅगन कारखान्यात लागलो, रायपूरला आलो, इथलाच झालो. कलावतीबाईची गोष्ट मी कारखान्यात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, मयतीहून परत येताना रिक्षातसुद्धा सांगितली. दरवेळी हशा. एकदाच ती अशी सांगितली, की घरातला हशाच गेला. ते आज सांगतो. पण त्यासाठी आधी आमची सून कळली पाहिजे.

पूर्णिमा गोंदियाची. राज्य नवीन झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन आली. नवी राजधानी, नवी दफ्तरं, माणसं कमी. हिचा टायपिंगचा हात घोड्यासारखा, वर्षभरात नोकरीला लागली. पुढे दफ्तर नवा रायपुरात गेलं. तेव्हापासून सकाळी साडेआठची स्टाफ बस, परत यायला सात. मुलगा माझा निरंजन रेल्वेत गार्ड. आज डोंगरगड, उद्या बिलासपूर. बायको जाऊन मला दहा वर्षं झाली. म्हणजे घर धरून राहिलो मी आणि पूर्णिमा, मोठ्यांत दोघंच.

तिची पहिली दिवाळी मला आठवते. पंडरीच्या कापडबाजारातून साडी आणली. दुकानदारानं साडेपाच मीटर सांगितली होती. हिनं घरी येऊन टेप लावली तर पाच मीटर अठरा. दुसऱ्या दिवशी साडी, टेप आणि मला, तिघांना घेऊन दुकानात.

"अरे बहू, इतना तो चलता है," दुकानदार म्हणाला.

"कम है तो कम बोलो ना भैया. मैं कम में भी ले लेती. झूठ काहे बोले?"

मी तिच्या मागे छाती काढून उभा. जणू मीच मोजली होती! दुकानातून निघताना तिला म्हटलं, "पोरी, तू आमच्या मास्तरांच्या शाळेत पाहिजे होती."

आता स्नेहल. माझी नात, एकुलती. सहावीपर्यंत गणितात दरवर्षी 'ए'. पूर्णिमा ते कार्ड फ्रिजवर चुंबकानं लावायची. सातवीच्या सुरुवातीला एका रविवारी ढोकळ्याचं पीठ भिजवताना तिनं सहज विचारलं, "स्नेहल, वाटीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा?"

"चौथा," स्नेहल म्हणाली. "चार बड़ा है ना तीन से."

पूर्णिमाचा हात पिठातच थांबला. मग तिनं एकेक विचारत नेलं. पाढे ओळीनं गाता येत होते, मधूनच सात नव्वे विचारलं की पोरगी पहिल्यापासून गायला लागायची. हातच्याची वजाबाकी म्हणजे नुसता अंदाज.

शाळेत गेलो. मॅडम हसतमुख होत्या. "ए तो हम सबको देते हैं. बच्चों का मन रहता है."

परत ऑटोनं निघालो. गोल बाज़ारच्या गर्दीत ऑटो अडकला तेव्हा पूर्णिमा म्हणाली, "बाबा, एवढे वर्षं तो कागद खोटा होता. आणि मी तो फ्रिजवर लावत होती."

पुढच्या महिन्यात तिनं स्नेहलचं नाव शाळेतून काढलं. घरी शिकवायचं, वेळ आली की ओपन स्कूलमधून, बाहेरून परीक्षा. आमचे श्यामराव कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "शिकलेली सून, अन् पोट्टीले घरी बसवून राहिली!" मी म्हटलं, "श्यामराव, तुमचा नातू शाळेत जाऊन राहिला ना? विचारा त्याले सात नव्वे." ते उठून गेले.

पण शिकवायचं कशातून? दोन महिने पूर्णिमाच्या पलंगावर पुस्तकंच पुस्तकं. मी आपली उजळणी पुढे केली.

"बाबा, तुमची औटकी राहू द्या. तिले तीनाचा पाढा मधून येत नाही."

सरकारी पुस्तक चांगलं होतं, पण ते सातवीच्या पुढचं बोलायचं. मागची जी पडझड होती तिच्याकडे बघायला त्याला फुरसत नव्हती. मग टाय लावलेला एक माणूस टॅबलेट घेऊन आला. चित्रं, गाणी, उड्या मारणारं माकड. स्नेहलला दहा मिनिटं दिली आणि म्हणतो, "बच्ची तो जीनियस है, मैडम." पूर्णिमानं टॅबलेट स्वतःकडे घेतला. सात आठे पासष्ट लिहिलं. पडद्यावर चांदण्या फुटल्या, माकड नाचलं, "शानदार कोशिश!" पूर्णिमानं पुन्हा लिहिलं, एकाहत्तर. पुन्हा चांदण्या. तिनं तो त्याच्या हातात ठेवला. "भैया, ऐसा स्कूल तो हम छोड़ के आए हैं."

शेवटी सापडला तो वह्यांचा एक संच. नागपूरच्या कुणा निवृत्त बाईंनी हिंदीतून केलेला, पोस्टानं यायचा. एक ते आठ पातळ्या. वर्गाचा संबंध नाही, जिथे मूल आहे तिथून सुरू करायचं. सोबत चाचणीचा कागद आणि आईबापांसाठी पत्र. पूर्णिमानं ते मला मराठीत करून वाचून दाखवलं: मूल कितवीत आहे ते विसरा. चाचणी त्याला एकट्याला सोडवू द्या. अडलं तर अडू द्या. जिथं अडेल तिथूनच आपलं काम सुरू होतं.

"पाहा बाबा," ती म्हणाली, "पहिल्यांदा कोणी खरं मागून राहिलं." रिपोर्ट कार्ड काढून तिथे तिनं ते पत्र लावलं.

चाचणीच्या दिवशी तिला सुट्टी मिळेना. विधानसभेचं अधिवेशन, दफ्तरात श्वास घ्यायला वेळ नाही. बसला निघताना मला म्हणाली, "निरंजनले बसवलं तर ते उत्तर सांगून मोकळे होतील. तुमच्याशिवाय कोणावर टाकू? फक्त बसायचं. तोंडातून अक्षर नाही."

"अक्षर नाही," मी म्हटलं.

तीस प्रश्न होते. पहिले आठ-नऊ पोरीनं बरे केले. मग आलं, तीन-चतुर्थांश अधिक एक-द्वितीयांश. तिनं वरचे आकडे मिळवले, खालचे मिळवले, लिहिलं चार-षष्ठांश. खोडलं. पुन्हा तेच लिहिलं. पुन्हा खोडलं, कागद फाटायला आला. मग माझ्याकडे पाहिलं.

कागदाच्या तळाला लिहिलेलं मी वाचून ठेवलं होतं: बारापेक्षा कमी, तर पातळी चार. आईच्या खांद्याला लागलेली पोरगी आणि चौथीची वही? पाढ्यांच्या जोरावर नोकरीला लागलेल्या या बाबारावची नात? माझ्याच्यानं पाहवेना.

"स्नेहल," मी म्हटलं, "तुले कलावतीबाईची गोष्ट सांगितली का मी?"

उत्तर मी सांगितलं नाही. फक्त दूध ओतलं, आधी दोन मापं, मग तीन. पोरगी खुदकन हसली आणि तिनं लिहिलं, पाच-चतुर्थांश. मला जो आनंद झाला! मग पुढच्याला लोहाराच्या सळईची गोष्ट, त्याच्या पुढच्याला तुमसरच्या बाजारातल्या आंब्यांची. दुपारपर्यंत पंधरा-सोळा गोष्टी झाल्या. चहा झाला, चिवडा झाला. "आजोबा, मुझे तो सब आता है!" ती म्हणाली. मी म्हटलं, "येतेच तर! कोण म्हणते येत नाही?"

तिसांपैकी सव्वीस.

संध्याकाळी पूर्णिमानं खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता कागद तपासला. मग माझ्याकडे पाहिलं. "बाबा, हिनं एकटीनं केलं?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. वेळ होती, जागा होती, विचारणारी समोर उभी होती.

"एकटीनं," मी म्हटलं.

ती खाली फरशीवर बसली आणि स्नेहलला जवळ ओढून तिच्या केसांत तोंड खुपसलं. त्या दिवशी तिनं शिरा केला. मी दोनदा घेतला.

पातळी सातच्या वह्या आल्या. रोज पहाटे साडेपाचला मायलेकी टेबलाशी, मी समोर खुर्चीत पेपर घेऊन. मधे बोलायचं नाही असं ठरलेलं, आणि आता मी ते इमानानं पाळत होतो. पहिल्या आठवड्यातच गाडी रुतली. पूर्णिमा एकदा सांगायची, दहादा सांगायची. जिनं पोरीला कधी मोठ्यानं हाक मारली नव्हती, ती म्हणायला लागली, "चाचणीत जमलं, आता काहून नाही जमत? कामचोरपणा आहे हा. नाटक करून राहिली तू." स्नेहल खाली मान घालून पेन्सिल कुरतडायची. मी पेपराचं पान उलटायचो. दोन महिने मी तो पेपर वाचला. काय छापून आलं होतं, एक अक्षर आठवत नाही.

मग एके दिवशी वहीचं पान उलटेना. पूर्णिमानं नख घालून पाहिलं, तर पोरीनं पुढची वीसेक पानं डिंकानं चिकटवून टाकली होती. पूर्णिमा उठली, कपाटातून चाचणीचा जुना कागद आणला आणि तिच्यासमोर ठेवला.

"हे पाच-चतुर्थांश तूच लिहिलं ना? मग आज काय झालं?"

स्नेहल म्हणाली, "तब तो आजोबा की कहानी थी ना. इस किताब में कहानी कहाँ है?"

पूर्णिमानं सावकाश मान वळवली. पेपर माझ्या हातात तसाच उघडा. स्नेहलही माझ्याकडेच बघत होती, आणि तिचा आवाज फुटला: "आजोबा, आपने बोला था मुझे आता है."

पूर्णिमानं फ्रिजवरचं पत्र काढलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं आणि बसला गेली.

आठ दिवस माझा चहा स्नेहलच्या हातून आला. आधी स्वयंपाकघरातून "बाबा, चहा!" अशी हाक यायची. ताट वाढलेलं असायचं, औषधाच्या गोळ्या वाटीत काढलेल्या असायच्या, पाणी गरम असायचं. कशात खोट काढू? हाक तेवढी नव्हती. निरंजन मधे दोन दिवस घरी येऊन गेला. "सब ठीक है ना?" त्यानं विचारलं. दोघंही हो म्हणालो.

नवव्या दिवशी ती दिवाणावर कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "शाळेचं मले एवढं नाही लागलं. शाळा परकी होती. दोन महिने मी माझ्या पोरीले कामचोर म्हटलं बाबा. रोज म्हटलं. आणि तुम्ही समोर बसून ऐकत होते."

सत्तर वर्षांचं आयुष्य, कशावरही गोष्ट निघते माझी. त्यावर निघाली नाही.

त्या रविवारी तिनं स्वतः सुट्टीभर बसून चाचणी पुन्हा घेतली. मला तिनं जा म्हटलं नाही. मीच चप्पल घालून बाहेर पडलो आणि बाजारात उगाच हिंडत राहिलो. परत आलो तर फ्रिजवर कागद लागला होता. लाल शाईनं, मोठ्ठा आकडा: नऊ. लपवलेला नाही, दुमडलेला नाही. स्नेहल त्याच्याच खाली उभी राहून फ्रिजमधून पाण्याची बाटली काढत होती, आणि मला वाटत होती तेवढी लाज तिच्या तोंडावर कुठेच नव्हती.

काल पोस्टानं पातळी चारच्या वह्या आल्या. पूर्णिमा कव्हर घालत बसली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, "पूर्णिमा, मी खोटं बोललो. दोनदा, एकदा तोंडानं आणि मग दोन महिने गप्प राहून. काय शिक्षा द्यायची ती दे. पण मले पोरीजवळ बसू दे."

तिनं कव्हराची कड नखानं दाबली, दुसरी वही घेतली, तिलाही कव्हर घातलं. मग बोलली. जसं बोलली तसंच सांगतो:

"बसा बाबा. उद्या साडेपाचले, तिच्या बाजूले. विश्वास मागू नका, तो आता माझ्याजवळ नाही. आणि ती अडली तर अडू द्या. कलावतीबाईले गावातच राहू द्या."